गोळी थांबवू नका, मुलाच्या पोटाचं वेगळं पाहू

पत्र : मी २८ वर्षांची आहे. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा ग्रामीण रुग्णालयातल्या तपासणीत मला एचआयव्ही असल्याचं कळलं. लगेच एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू झाली, टीएलडीची एक गोळी रोज रात्री. मुलगा झाला. त्याची अठरा महिन्यांची तपासणी निगेटिव्ह आली. भीती वाटली म्हणून अंगावरचं दूध मी महिनाभरातच तोडलं होतं. तो आता साडेचार वर्षांचा आहे, पण त्याचं पोट कायम बिघडलेलं असतं. चार-चार दिवस संडासला होत नाही, पोट दुखतं म्हणून रडतो, आणि मध्येच चड्डीत पातळ लागतं. जेवण नको म्हणतो, दूध मात्र तीन-चार पेले पितो. माझ्या आजाराचं नवऱ्याखेरीज फक्त बहिणीला माहीत आहे. तिने एक व्हिडिओ पाठवला. त्यात म्हटलंय की गरोदरपणात एचआयव्हीची औषधं घेतली तर बाळाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि पोट जन्मभर नाजूक राहतं. मला आता पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना लागलाय. या बाळाला तरी त्रास नको, निदान पहिले तीन महिने, म्हणून गेला आठवडाभर मी गोळी घेतलेली नाही. मुलाच्या डॉक्टरांना माझं काही सांगितलेलं नाही. अठरा महिन्यांचा रिपोर्ट चुकला असेल का? माझ्या गोळ्यांनीच त्याचं असं झालं का? आता मी काय करू?

— एक आई

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मेलवर दोन ओळी कळवल्या होत्या. त्या इथे पुन्हा देते, कारण तुमच्यासारखी आणखी कुणी हे वाचत असेल. आज रात्री गोळी घ्या. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन घेऊ नका, रोजची एकच घ्या. उद्या एआरटी सेंटरला जा आणि समुपदेशक ताईंना खरं सांगा की आठवडाभर खंड पडला. त्या रागावतील अशी धास्ती असेल तर रागावू द्या. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, पुन्हा कधी बघायचा हे तिथले डॉक्टर ठरवतील, आणि ते ठरवायला त्यांना खरी तारीख लागते.

गोळी पुन्हा सुरू केल्याचं तुम्ही कळवलंत, म्हणून आता निवांत बोलू.

आधी मुलाचं पोट. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. चार दिवस होत नाही, आणि मध्येच चड्डीत पातळ लागतं. तुम्हाला हे दोन उलटे आजार वाटतायत, एकदा बद्धकोष्ठ आणि एकदा जुलाब. बालरोगतज्ज्ञांना यात बहुतेक वेळा एकच आजार दिसतो. मोठ्या आतड्याच्या शेवटाला घट्ट मळ साठून बसतो आणि वरून येणारा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपून चड्डीला लागतो. आतडं ताणलेलं असतं, त्यामुळे संडासला लागल्याची जाणीवच बोथट झालेली असते. मूल मुद्दाम करत नाही, त्याला कळतच नाही. अशा वेळी जुलाब समजून पोट बांधायचं औषध दिलं तर आतला खडा आणखी अडकतो. आणि चड्डी खराब केली म्हणून धपाटा दिला तर ते मूल पुढच्या वेळी अजून रोखून धरतं.

रोखून धरणं हेच बहुधा मूळ असतं. एकदा खडा होऊन दुखलं की चार वर्षांचं मूल ते विसरत नाही. मग ते कोपऱ्यात जातं, पाय आवळतं, टाचा उचलून उभं राहतं, तोंड लाल करतं. बघणाऱ्याला वाटतं बिचारं जोर लावतंय. ते खरं तर थांबवत असतं. तुमचा मुलगा असं काही करतो का, ते नीट पाहा. बालवाडीतल्या संडासात जातो का, हेही विचारा. तिथे कडी नसते, पाणी नसतं, वास येतो, आणि कितीतरी मुलं सकाळी नऊपासून घरी येईपर्यंत दाबून बसतात.

दुधाचे तीन-चार पेले फार होतात. या वयाला दिवसाला दोन कप, म्हणजे ४०० ते ५०० मिली दूध पुरे. त्याहून जास्त प्यायलं की पोट भरतं, भाकरी-भाजीला जागा उरत नाही, आणि दुधात चोथा तर नसतोच. म्हणजे 'जेवत नाही म्हणून दूध देते' हे उलटं करून बघायला हवं. दूध कमी केल्यावर दोन-चार दिवस रडारड होईल. नंतर भूक लागते. ज्वारीची भाकरी, वरणात शिजवलेली पालेभाजी, पेरू, पपई, रात्री भिजवलेले काळे मनुके, दुपारचं ताक, भरपूर पाणी. बिस्किटं आणि दुकानातली पाच-दहा रुपयांची पाकिटं काही आठवडे घरात आणूच नका.

पण नुसत्या खाण्याने साठलेला खडा निघत नाही. त्यासाठी डॉक्टर पाण्यात विरघळणारी पावडर देतात, पीईजी म्हणतात तिला. आधी काही दिवस मोठा डोस देऊन आतडं मोकळं करायचं, मग कमी डोस काही महिने चालू ठेवायचा. काही महिने, हे शब्द लक्षात ठेवा. पंधरा दिवसांत पोरगं हसायला लागतं, आईबाप औषध बंद करतात आणि महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं होतं. ताणलेलं आतडं आक्रसून पूर्ववत व्हायला वेळ लागतो. या पावडरीची सवय लागत नाही आणि आतडं आळशीही होत नाही. सोबत रोज जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटं त्याला संडासला बसवा, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. उकिडवं बसायचा संडास असेल तर उत्तमच. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. झाली तर शाबासकी, नाही झाली तर काहीच बोलायचं नाही.

मी त्याला तपासलेलं नाही, म्हणून काही गोष्टी तुम्हीच ताडून पाहा. वजन वाढत नसेल, शौचातून रक्त पडत असेल, पोट फुगून टणक झालं असेल, हिरवी उलटी होत असेल, ताप रेंगाळत असेल किंवा झोपेतून दुखून उठत असेल, तर हे साधं बद्धकोष्ठ समजून घरी बसू नका. जन्मल्यानंतर पहिली काळी शी दोन दिवस झालीच नव्हती असं आठवत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि तुम्हाला, नवऱ्याला किंवा घरातल्या कुणालाही टीबी झाला असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. एचआयव्ही असलेल्या घरात टीबी शिरण्याची शक्यता जास्त असते, लहान मुलांत तो पोटातही होतो, आणि वेळेत कळला तर पूर्ण बरा होतो. अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकली असेल तर देऊन टाका. अंगणवाडीतला वजनाचा तक्ताही सोबत न्या. डॉक्टरांना तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा त्या तक्त्यातली रेघ जास्त सांगते.

रिपोर्ट चुकला असेल का, ही शंका काढून टाका. अंगावरचं दूध महिनाभरातच तुटलं होतं आणि अठरा महिन्यांना तपासणी निगेटिव्ह आली. हा शेवटचा निकाल आहे. पोट दुखलं की त्याचं रक्त पुन्हा तपासायचं काही कारण नाही.

आता तो व्हिडिओ. तुम्ही लिंक पाठवली होती, मी शेवटपर्यंत पाहिला. शेवटी आतडं 'दुरुस्त' करायची पावडर विकायला आहे, ते तुमच्या बहिणीच्या नजरेतून सुटलं असावं. विकणाऱ्याने घाबरवायला अर्धं खरं वापरलंय, म्हणून ते अर्धं खरं काय आहे तेही सांगते.

आईला एचआयव्ही आहे पण बाळाला नाही, अशी मुलं जगात आज दीड कोटीहून जास्त आहेत. त्यांच्या आतड्यातले जंतू इतर बाळांपेक्षा थोडे निराळे असतात का, याचा अभ्यास झाला आहे. २०१६ मध्ये हैतीतल्या आया आणि बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एचआयव्ही असलेल्या आणि नसलेल्या आयांच्या स्वतःच्या अंगावरचे जंतू जवळपास सारखेच निघाले, पण बाळांच्या आतड्यातले जंतू वेगळे निघाले. संशोधकांना त्याचा एक धागा आईच्या दुधात सापडला. आईच्या दुधात काही खास साखरी असतात. बाळ त्या पचवू शकत नाही, त्या बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं अन्न असतात. दोन गटांतल्या आयांच्या दुधात या साखरींचा बाळाच्या जंतूंशी असलेला संबंध निराळा दिसला. म्हणजे फरक आहे. पण तो दिसला तो तान्ह्या बाळांत. साधारण तीन वर्षांपर्यंत मुलाच्या आतड्यातली वस्ती मोठ्या माणसासारखी होत जाते, आणि त्या तीन वर्षांत तिच्यावर असंख्य गोष्टींचा हात फिरतो. प्रसूती नॉर्मल की सिझेरियन, बाळ दिवस भरून जन्मलं की आधी, दूध कुठलं, अँटिबायोटिक किती वेळा, पाणी कसं, घरात खायला काय, या सगळ्यांचा.

यात औषधाचा वाटा किती आणि विषाणूचा किती, हे सोडवणं अवघड आहे, आणि त्याचं कारण चांगलं आहे. औषध न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित गरोदर बायकांचा गट तुलनेसाठी आज कुणी उभा करणार नाही, करूही नये. एचआयव्ही स्वतः आतड्यावरच पहिला घाव घालतो. रोगाशी लढणाऱ्या सीडी फोर पेशींचा मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो आणि संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांत विषाणू तो उद्ध्वस्त करतो. म्हणून आतड्याच्या काळजीने विषाणूवरचं औषध सोडायचं, हा हिशेबच उलटा आहे.

औषधांवर संशय घेण्याला इतिहास आहे, तोही लपवायला नको. झिडोव्हुडिन हे या रोगातलं सर्वांत जुनं औषध. त्याच्यामुळेच १९९४ मध्ये पहिल्यांदा सिद्ध झालं की आईकडून बाळाकडे जाणारा संसर्ग रोखता येतो. अमेरिका आणि फ्रान्समधल्या त्या चाचणीत संसर्गाचं प्रमाण २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं. पण १९९९ मध्ये फ्रान्समधल्याच डॉक्टरांनी आठ बाळांची नोंद केली. त्यांच्या आईला गरोदरपणात आणि त्यांना जन्मानंतर झिडोव्हुडिन किंवा त्यासोबत लॅमिव्हुडिन मिळालं होतं, आणि त्यांच्या पेशींमध्ये ऊर्जा तयार होण्यात बिघाड झाला होता. त्यातली दोन दगावली. तेव्हापासून अशा मुलांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली जाते. इतका गंभीर प्रकार फार विरळ असतो हे त्यातूनच कळलं. झिडोव्हुडिनचा आणखी एक गुण म्हणजे ते आतड्यातल्या ई. कोलायसारख्या जंतूंनाही मारतं. व्हिडिओतलं 'चांगले जंतू मरतात' हे बहुधा अशाच कुठल्या तरी प्रयोगशाळेतल्या निष्कर्षावरून उचललेलं आहे.

तुमच्या टीएलडीच्या गोळीत झिडोव्हुडिन नाही. त्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर आहे. ही औषधं वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, हे खरं आहे. त्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलाला बद्धकोष्ठ होतं, असा पुरावा नाही. आणि तुमच्या मुलाच्या लक्षणांना त्याचं दूध, त्याचं ताट आणि त्याची भीती एवढी कारणं समोर दिसत असताना, साडेचार वर्षांपूर्वीच्या गोळीकडे बोट दाखवायची मला गरज वाटत नाही.

डोल्युटेग्रॅव्हिरचीच एक गोष्ट सांगते, कारण तुम्ही 'निदान पहिले तीन महिने' असं लिहिलंय आणि ती भीती हवेतून आलेली नाही. २०१८ मध्ये बोत्स्वानातून बातमी आली की दिवस राहताना हे औषध घेत असलेल्या ४२६ बायकांपैकी चार जणींच्या बाळांना मेंदू-मणक्याचा जन्मदोष होता. जगभर खळबळ उडाली. कित्येक देशांनी तरुण बायकांना हे औषध द्यायचं थांबवलं. बोत्स्वानाच्या संशोधकांनी मोजणी चालूच ठेवली. पुढच्याच वर्षी १,६८३ प्रसूतींमध्ये पाच, असं प्रमाण खाली आलं, आणि आकडा वाढत गेला तसा इतर औषधं घेणाऱ्या बायकांच्या तुलनेतला फरक उरलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच बायकांसह सगळ्यांसाठी हे औषध पहिल्या पसंतीचं ठरवलं. तुमच्या हातात टीएलडी आली ती या सगळ्या तपासातून पार पडून. अजूनही जुने व्हिडिओ २०१८ ची बातमी ताजी म्हणून फिरवतात.

आता गोळी बंद केली तर काय होतं ते पाहा. बहुतेकांचा व्हायरल लोड दोन-तीन आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतो. उपचार अजिबात नसतील तर गरोदरपण, प्रसूती आणि दूध मिळून बाळाला संसर्ग व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. याच्या उलट फ्रान्समध्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोजणी आहे. दिवस राहायच्या आधीपासून औषध घेणाऱ्या, ते न थांबवलेल्या आणि प्रसूतीच्या वेळी लोड ५० च्या खाली, म्हणजे जवळपास न सापडण्याइतका, असलेल्या बायकांची २,६५१ बाळं त्यांनी पाहिली. त्यातल्या एकालाही संसर्ग झालेला नव्हता. तुम्ही याच बायकांच्या रांगेत होतात. आठवड्याचा खंड पडला म्हणून रांगेतून बाहेर पडलात असं नाही, फक्त आता पुढे खंड नको.

आणि एक गोष्ट तुमच्या बहिणीलाही सांगा. प्रसूतीच्या सुमाराला आईचा लोड जास्त असेल तर बाळाला जोखमीचं समजून एकाऐवजी दोन औषधं देतात आणि तीही जास्त दिवस. त्यातलं दुसरं औषध कोणतं? झिडोव्हुडिन. म्हणजे बाळाच्या पोटाला औषध लागू नये म्हणून आईने गोळी सोडायची, आणि त्यापायी बाळाच्याच पोटात जास्त औषध जायचं.

मुलाच्या आतड्यातल्या जंतूंना ज्याने खरोखर हात लावला असेल असं एक औषध तुमच्या लक्षातही नसेल. त्याला सहा आठवड्यांचा असल्यापासून कोट्रायमोक्साझोलचं सिरप दिलं असणार. ते अँटिबायोटिक आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनमध्ये अशाच बाळांचा अभ्यास झाला, त्यात या सिरपने आतड्यातल्या जंतूंमध्ये औषधाला न जुमानणारी जनुकं वाढलेली दिसली. तरी ते देणं योग्यच होतं. बाळाचा निकाल पक्का नसताना न्यूमोनियापासून त्याला तेवढंच कवच असतं, आणि निकाल आल्यावर ते थांबवलं गेलं. मी हे तुम्हाला नवीन काळजी म्हणून सांगत नाही. पोटातल्या जंतूंचीच चिंता असेल तर पुढे एक गोष्ट तुमच्या हातात आहे. सर्दी-खोकल्याला मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. त्या व्हिडिओतल्या पावडरीला आणि शौचातले जंतू मोजून देणाऱ्या महागड्या तपासण्यांना पैसे घालवू नका. त्या तपासणीच्या रिपोर्टवरून साडेचार वर्षांच्या मुलाचा उपचार ठरत नाही. त्या पैशांत वर्षभराचे पेरू येतील.

डॉक्टरांना सांगायचं का? २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्यावर तशी सक्ती कुणी करू शकत नाही, आणि ज्याला विश्वासाने सांगाल त्याला ते बाहेर बोलायला कायद्याने मनाई आहे. बद्धकोष्ठाच्या उपचारासाठी ही माहिती नसली तरी अडत नाही. पण टीबीचा प्रश्न असेल, वजन अडलेलं असेल किंवा हेच डॉक्टर पुढच्या बाळालाही बघणार असतील, तर सांगितलेलं बरं. बाहेरच्या बाकावर, कंपाउंडरसमोर नको. आत गेल्यावर दार लावून घ्या आणि एवढंच म्हणा : मी गरोदरपणात एआरटीवर होते, मुलगा अठरा महिन्यांना निगेटिव्ह आहे. ही माहिती ऐकून ते कसे वागतात यावरून ते डॉक्टर पुढे ठेवायचे की नाहीत हेही कळेल. कुणी नीट वागलं नाही तर समुपदेशक ताईंना सांगा. १०९७ हा नाकोचा, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेचा, फुकटचा फोन आहे, तिथेही मराठीत बोलता येतं.

येणाऱ्या बाळाबद्दल दोन गोष्टी, बाकी तुमचं सेंटर सांगेलच. पहिली गोष्ट गोळ्यांच्या वेळांची. आता तुम्हाला लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम सुरू होईल. उपाशीपोटी ही दोन्ही डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर घेतली तर ती त्याला आतड्यातच धरून ठेवतात आणि ते रक्तात कमी जातं. ॲसिडिटीच्या पातळ औषधाचंही तसंच. म्हणून रात्रीची एआरटी तशीच ठेवा, आणि लोह-कॅल्शियम त्याच्या सहा तास तरी आधी संपवा. लोह किंवा कॅल्शियम एआरटीबरोबरच घ्यायची वेळ आलीच तर भरल्या पोटी, जेवणासोबत; ॲसिडिटीच्या औषधाला मात्र ही सवलत नाही. फार्मासिस्टकडून वेळा कागदावर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट दुधाची. मागच्या वेळी महिनाभरात दूध तोडलंत, त्याबद्दल मी बोल लावणार नाही. तेव्हा तुम्हाला नुकतंच सगळं कळलं होतं आणि भीती खरी होती. या वेळी मात्र आतड्याचीच काळजी असेल तर आईच्या दुधाइतकं बाळाच्या आतड्याला दुसरं काही मानवत नाही. बोत्स्वानातच २००० नंतर एक चाचणी झाली होती. एचआयव्ही असलेल्या काही आयांनी बाळांना डब्याचं दूध दिलं, काहींनी स्वतःचं दूध देताना बाळाला औषध दिलं. डब्याच्या दुधावरची बाळं सात महिन्यांपर्यंत जवळपास दुपटीने दगावली, ९ टक्के विरुद्ध ५ टक्के. मुख्य कारणं होती जुलाब आणि न्यूमोनिया. आता आईने गोळी नियमित घ्यायची, बाळाला जन्मापासून निदान सहा आठवडे नेविरापिनचं सिरप द्यायचं, आणि अंगावर पाजायचं, अशी आपल्याकडची पद्धत आहे. ते सहा आठवड्यांचं सिरप कामाला येतं हे ज्या अभ्यासातून कळलं, त्यात इथिओपिया आणि युगांडाबरोबर पुण्याच्या बीजे मेडिकलमधल्या आया आणि त्यांची बाळंही होती. बाळाची पहिली रक्ततपासणी सहा आठवड्यांना होईल, टाचेतून थेंबभर रक्त घेऊन.

पण पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी नाही, मध नाही, साखरपाणी नाही, बाळगुटी नाही. डरबनमध्ये १९९९ मध्येच दिसलं होतं की नुसत्या आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा, दुधासोबत वरचंही मिळणाऱ्या बाळांना तीन महिन्यांत जास्त संसर्ग झाला, १५ टक्क्यांच्या जागी २४ टक्के. तेव्हा आजची औषधं नव्हती. तुमचा लोड दबलेला असेल तर धोका कितीतरी कमी आहे. तरी तान्ह्या आतड्याचं अस्तर वरच्या खाण्याने दुखावतं, हे कारण तेच राहतं, आणि जुलाबासाठी तर ते कुठल्याही घरातल्या बाळाला लागू आहे. सहा महिन्यांनंतर मात्र वरचं अन्न भरपूर हवं. झिम्बाब्वेत एचआयव्ही असलेल्या आयांच्या मुलांना सहा ते अठरा महिन्यांच्या काळात रोज थोडा पौष्टिक आहार जादा दिला आणि आयांना भरवण्याबद्दल नीट समजावलं. वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ४० वर आलं. त्याच अभ्यासात संडास बांधून आणि हात धुवायची सोय करून बघितली होती, त्याने वाढीत फरक पडला नाही. हात धुवाच, पण वाटीत तूप, डाळ आणि अंडं पडतंय ना, ते आधी बघा.

बाळगुटीचा विषय तुमच्या घरात निघणारच, सासूबाई उगाळून घेऊन बसतील. त्यांना तुमच्या आजाराचं सांगायची काही गरज नाही. आशाताईंना घरी बोलवा आणि सासूबाईंसमोर त्यांना बोलतं करा. सहा महिने पाण्याचा थेंबही नको, हे आशाताई गावातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या सासूला सांगतात, त्यामुळे तुमच्याच घरात का सांगितलं असं कुणी विचारणार नाही.